आत्ती, घोंगडं आणि बेटाची कोरडी बाजू

ठरवलं होतं ते मी आणि माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं. पाठीवर एकेक बॅग, पंधरा दिवस, श्रीलंका. हॉटेलं आधी ठरवायची नाहीत, गाडी भाड्यानं करायची नाही, आवडेल तिथं उतरायचं. दोन महिने आम्ही यावर इतकं बोललो की जाऊन आल्यासारखंच वाटायला लागलं होतं. मग मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, एप्रिलच्या उन्हात फिरून रंग घालवू नकोस. मैत्रीण फोनवर रडली, मग पार्लरला गेली.

मी कराडजवळ मलकापूरला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. खाली आई-वडील राहतात. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. मी एकटीच जाते म्हटल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला.

"एकटी न्हाई जायाचं."

"तुम्ही नव्हता का गेलात सीमेवर एकटे?"

"एकटा? माझ्यासंगं आख्खी पलटण हुती."

त्या दिवशी आत्ती आमच्याकडे होती. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वय बासष्ट, गाव आटपाडीच्या पलीकडं. कराडला डोळे तपासायला आली होती आणि औषध घालून डोळे मिटून सोफ्यावर बसली होती. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "मी जातो की हिच्यासंगं."

आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल 'जातो, येतो' असंच बोलतात. त्यामुळं तिच्या तोंडून कुठलंही वाक्य फर्मानासारखं येतं. मी घाईघाईनं म्हणाले, "आत्ती, त्याला पासपोर्ट लागतो."

"हाय माजा. कोरा हाय."

खरंच होता. तिच्या मुलानं मस्कतला नोकरीला लागल्यावर हौसेनं काढून दिला होता आणि नंतर तिला बोलवायचं विसरून गेला होता. आत्तीनं तो तीन वर्षं ज्वारीच्या कणगीशेजारच्या पत्र्याच्या पेटीत जपला होता. वडिलांनी एकदा माझ्याकडे, एकदा बहिणीकडे बघितलं. "आक्का जाणार आसंल तर जा," म्हणाले. मैत्रिणीच्या जागी मला आत्ती मिळाली.

पुढचा आठवडा वडिलांचा होता. माझी बॅग नवीकोरी, साठ लिटरची, अकरा कप्प्यांची. वडिलांनी ती उचलून बघितली आणि माळ्यावरून स्वतःचा जुना पिठ्ठू काढला. फौजेत पाठीवर बांधतात ती खाकी पिशवी. "आक्काला ह्यो." मग आम्हा दोघींना सामान भरून गच्चीवर चालायला लावलं. मी अकराव्या फेरीला बसले. आत्तीच्या पिठ्ठूत दोन लुगडी, शेंगदाण्याची चटणी, भाकऱ्या, लाडवांचा डबा, आणि वर गुंडाळून बांधलेलं काळं घोंगडं होतं.

"आत्ती, तिथं उन्हाळा असतो. बारा महिने."

"मग?"

"मग घोंगडं कशाला?"

"घोंगडं थंडीसाटी आस्तंय आसं कुनी सांगितलं तुला?" तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. बसायला, निजायला, डोक्यावर घ्यायला, पावसात, उन्हात, ओझं बांधायला. वडील मान हलवत होते. मी इंटरनेटवर तीन आठवडे यादी करत होते, ती सगळी त्या एका घोंगड्यात बसत होती. मुंबईच्या विमानतळावर तपासणीत त्यांनी ते उलगडलं तेव्हा मेंढराच्या वासानं दोन अधिकारी एकेक पाऊल मागं सरले, तेवढीच काय ती अडचण.

आम्ही पहिल्यांदा दक्षिणेला गेलो, वेलिगामाला. मला तिथं लाटेवर उभं राहायला शिकायचं होतं. राहायची सोय एका होस्टेलात, सहा जणींच्या खोलीत, एकावर एक खाटा. आत्तीनं खाटांकडं बघितलं आणि "ही तर खुराडी हायती" म्हणाली, पण खालची खाट पकडून पाच मिनिटांत संसार मांडला. बाकीच्या चौघी परदेशी होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या जमिनीवर घोंगड्यावर बसून आत्तीच्या भाकरीला चटणी लावून खात होत्या, आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असतानाही एकमेकींना "व्हेरी गुड" म्हणत होत्या.

किनाऱ्यावर जाताना मी मोबाइल तयार ठेवला होता. आत्ती पहिल्यांदा समुद्र बघणार, तो चेहरा मला टिपायचा होता. माडांच्या रांगेतून बाहेर पडलो. समोर निळं, हिरवं, पांढरं.

"आत्ती, समुद्र!"

"व्हय की."

"पहिल्यांदा बघतेस ना?"

"न्हाई. लय येळा बगितलाय. मेंढरं घिऊन कोकनात उतरायचो तवा." तिनं वाळूत पायानं जरा उकरलं. "धा-बारा वर्साची आसंन. आमची मेंढरं खारं गवात खायाची न्हाईत. तुजा आजा लय शिव्या घालायचा समुद्राला."

मी मोबाइल खाली केला. आमचं घराणं मेंढपाळांचं हे मला माहीत होतं, जसं शाळेच्या दाखल्यावरचं काहीही माहीत असतं. पण ही बाई लहानपणी दर वर्षी मेंढरांमागं घाट उतरून समुद्रापर्यंत चालत गेली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

"आणि बाबा?"

"तुजा बा? त्यो तान्हा. त्येला घोड्याच्या पाठीवर बांदलेला आसायचा. कोंबड्यांच्या डालग्याशेजारी."

गच्चीवर आम्हाला कवायत शिकवणारा हवालदार कोंबड्यांशेजारी बांधलेला! पुढचे पंधरा दिवस मला कशाचाही कंटाळा आला की मी हे आठवायचे.

लाटांवर उभं राहणं मला जमलं नाही, हे इथंच सांगून टाकते. शिकवणारा माणूस सभ्य होता. मी पडले की तो दर वेळी "हरी, हरी" म्हणायचा. त्यांच्या भाषेत 'हरी' म्हणजे ठीक आहे, बरोबर आहे. आत्तीला ते माहीत नव्हतं. ती किनाऱ्यावर घोंगडं अंथरून बसली होती आणि रिक्षावाल्यापासून शहाळंवाल्यापर्यंत सगळे "हरी हरी" करताहेत हे बघून भारावून गेली होती. "लय देवभोळी मान्सं हायती गं," म्हणाली. त्यांनी "हरी हरी" म्हटलं की ती हात जोडून "चांगभलं!" म्हणायची. मी समजावून सांगितलं, तरी तिनं बदललं नाही. तिसऱ्या दिवशी शहाळंवाला आम्हाला लांबून बघूनच "चांगबलं" म्हणून ओरडला.

तिथून आम्ही बसनं डोंगरात गेलो, एल्लाला. सगळा रस्ता मी कानात गाणी घालून झोपले. जागी झाले ती एकदम थंड हवेत, चहाच्या मळ्यांत. तिथं एका टेकडीवर चढायचं असतं, सगळेच चढतात. मी खास बूट घातले होते, दोन्ही हातांत घडीच्या काठ्या होत्या. आत्तीनं लुगड्याचा ओचा वर खोचला आणि वहाणा घालून पुढं गेली. वळणावर थांबून ती माझी वाट बघायची, मी पोचले की लगेच निघायची, म्हणजे विसावा फक्त तिलाच मिळायचा.

माथ्यावर पोचलो आणि पाऊस कोसळला. आडोसा काहीच नव्हता. आत्तीनं घोंगड्याची खोळ करून डोक्यावर घेतली, मला आत ओढलं. बाजूला दोन परदेशी मुली पातळ प्लॅस्टिकच्या कोटात कुडकुडत होत्या. कोट वाऱ्यानं फाटत चालले होते. आत्तीनं त्यांनाही बोलावलं, "या गं बायांनू." चौघी जणी अर्धा तास त्या काळ्या लोकरीखाली उकिडव्या बसलो. वास जबरदस्त होता. एकीनं विचारलं, हे कशाचं आहे? मी सांगितलं, मेंढीच्या लोकरीचं. "त्यांना म्हनावं, मी सोता कातलीया ती लोकर," आत्ती म्हणाली. मी भाषांतर केलं तेव्हा त्या मुली माझ्याकडं बघायच्या थांबल्या आणि परत जाईपर्यंत आत्तीकडंच बघत राहिल्या.

उतरताना आत्तीनं निकाल दिला, "खालचं कोकन. हे म्हाबळेश्वर. निस्तं स्ट्रॉबेरीवालं न्हाईत."

मला राग आला. मी एवढं ठरवून, वाचून, दूरदेशी आले होते आणि ही बाई सगळ्याला आमच्याकडचीच नावं देत होती. म्हणून मी तिला सांगितलं की आता आपण पूर्वेच्या किनाऱ्याला जाणार आहोत, अरुगम बेला, तसं आपल्याकडं काहीच नाही. तिथल्या लाटा जगात नावाजलेल्या आहेत. "जाऊ की," ती म्हणाली. "तितंबी पड."

एल्लाहून खाली वेल्लवायाला उतरून बस बदलायची होती. स्टँडवर तुफान गर्दी. मी आत्तीला बॅगांपाशी उभं करून पूर्वेच्या बसची चौकशी करायला गेले. परत आले तर बॅगा होत्या, आत्तीही होती, घोंगडं नव्हतं.

"जागा धरली," आत्ती म्हणाली.

आमच्याकडं एसटी लागली की खिडकीतून टॉवेल, टोपी, पिशवी टाकून जागा धरायची पद्धत आहे. आत्तीनं समोर आलेल्या पहिल्या गाडीत खिडकीतून घोंगडं टाकलं होतं.

"कुठल्या गाडीत?"

"ती काय. निळी. आगं, सुटली की!"

गाडी खरंच सुटली होती. कुठली गाडी, कुठं जाते, हे बघायला वेळच नव्हता. आत्ती धावत सुटली, तिच्यामागं मी, माझ्या पाठीवर साठ लिटर आणि हातात तिचा पिठ्ठू. वाहकानं दारातून हात देऊन एकेकीला आत ओढलं. घोंगडं खिडकीशेजारच्या सीटवर पसरलेलं होतं आणि वासामुळं असेल, शेजारच्या दोन सीटही रिकाम्या होत्या.

दम घेऊन मी मोबाइलवर नकाशा उघडला. आमचा निळा ठिपका पूर्वेला जायच्या ऐवजी सरळ दक्षिणेला निघाला होता. ज्या रस्त्यानं झोपून वर आले होते त्याच रस्त्यानं परत. मी आत्तीला तसं सांगणार, तेवढ्यात वाहक तिकीट द्यायला आला आणि माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "नंगी!"

आत्ती उभी राहिली.

"काय म्हनाला ह्यो तुला?"

"आत्ती, थांब."

"नंगी, नंगी," वाहक हसतमुखानं म्हणत होता आणि मागं सरका अशी खूण करत होता. आत्तीनं वहाणेला हात घातला. मी तिला धरलं. पुढच्या सीटवर साडी नेसलेल्या एक शिक्षिका होत्या, त्या चटकन मागं वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, काय झालं? मी लाजत सांगितलं. त्या आधी गोंधळल्या, मग त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. त्यांच्या भाषेत 'नंगी' म्हणजे धाकटी बहीण. मग त्यांनी ते वाहकाला सांगितलं, वाहकानं ड्रायव्हरला, आणि सगळी गाडी हसायला लागली. वाहकानं आत्तीपुढं हात जोडले आणि "अक्का" म्हणाला.

"ह्यो आक्का म्हनतोय मला!" आत्ती एकदम विरघळली. त्यांच्यातही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात हे ऐकून तिनं वाहकाला डब्यातला शेवटचा लाडू दिला. मग खाली बसत, माझ्या अर्ध्या चड्डीकडं बघून म्हणाली, "तरीबी तू आख्खी इजार घालत जा. लोकं कायबी म्हनत्यात."

मी खिडकीबाहेर बघितलं. चहा संपला होता, माड संपले होते. लाल माती, काटेरी झुडपं, उन्हानं पिवळं पडलेलं गवत, मधेच एखादं तळं आणि त्यात नाकापर्यंत बुडालेल्या म्हशी. बेटाची ही बाजू कुठल्याच व्हिडिओत नव्हती. आत्ती मात्र खिडकीला चिकटली. "बघ, बघ," म्हणत होती. "कवठाचं झाड. आन ती शेरडं बघ." गळ्यात काठ्यांचा तिकोनी खोडा घातलेल्या शेळ्या रस्त्याच्या कडेनं चालल्या होत्या. "कुंपनातनं शिरू न्हाईत म्हनून. शाने लोक हायती." सबंध प्रवासात ती पहिल्यांदा एवढी बोलत होती.

शिक्षिकेनं विचारलं, कुठं उतरणार? मी सांगितलं की आम्ही चुकलोय. त्या म्हणाल्या, माझ्या गावात उतरा, शेजारीण दही विकते, तिच्याकडं एक खोली आहे, उद्या सकाळी पूर्वेची गाडी धरा. मला तो सल्ला पटला. आत्तीला 'दही' एवढं कळलं तरी पुरे होतं.

गाव तळ्याच्या काठावर होतं. रस्त्याच्या कडेला झावळ्यांचं छप्पर आणि त्याखाली मातीच्या लाल गाडग्यांची उतरंड, प्रत्येक गाडग्यात म्हशीचं दही. दहीवाली पन्नाशीची, काळीसावळी, अंगानं मजबूत होती. तिनं आम्हाला बाकावर बसवलं आणि गाडगं पुढं ठेवलं. आत्तीनं ते चक्क उलटं केलं. दही जागचं हललं नाही. दोघींनी एकमेकींकडं बघून मान डोलावली. मग आत्ती म्हणाली, "पाणी दे गं बाई."

दहीवालीनं बाटलीतून काहीतरी काळं, घट्ट आणून दह्यावर ओतलं. माडासारख्याच एका झाडाचा तो पाक होता, आणि त्याला तिकडं 'पॅणी' म्हणतात. आत्तीनं चव घेतली, डोळे मिटले. पुन्हा म्हणाली, "पाणी." पुन्हा पाक आला. तिसऱ्यांदा मी उठून घशाकडं खूण करून खरं पाणी मागितलं, तेव्हा आत्ती माझ्यावरच चिडली. "कशाला मधीमधी करतीस? चाललंय की आमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमची गाडी होती. ती चुकली, आणि का चुकली ते आता सांगते.

पहाटेनंतर दहीवाली म्हशी पिळायला बसली आणि आत्ती शेजारी उभी राहून बघायला लागली. जरा वेळानं मला म्हणाली, "हिचा हात जड हाय." मग म्हणाली, "आंगठा मुडपायला पायजे." मग तिला राहवेना. तिनं दहीवालीच्या खांद्यावर हात ठेवला, मी बसते अशी खूण केली. दहीवाली नको नको म्हणत होती. आत्ती म्हणाली, "आगं, पाच वर्साची हुतो तवापासनं धारा काडतोय मी." मेंढ्या आणि शेरडांच्या, हे तिनं सांगितलं नाही. मी मोबाइल काढला. समुद्रावर हुकलेला चेहरा इथं सापडणार असं मला वाटलं.

आत्ती बसली. म्हशीनं मान वळवून तिच्याकडं नीट बघितलं. आत्तीनं सडाला हात लावला, "ऊं, ऊं, माजी बाय" असं म्हणाली, आणि म्हशीनं मागचा पाय अगदी शांतपणे उचलून तिला बाजूला केलं. भांडं एकीकडं, आत्ती एकीकडं. ती चिखलात उजव्या हातावर पडली.

मग आत्ती चिखलातूनच म्हणाली, "तिला मराटी कळत न्हाई."

मी हसले. मग मला तिचं मनगट दिसलं. ते नको तसं सुजत चाललं होतं आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. दहीवालीनं स्वतःचं ओलं फडकं हाताला गुंडाळलं, शिक्षिकेला हाक मारली आणि रिक्षा बोलावली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं फोटो काढला, हाडाला चीर गेलीय म्हणाली, प्लास्टर घातलं, तीन दिवस प्रवास करू नका म्हणून बजावलं. मी बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीकडं तोंड करून रडले. वडिलांनी माझ्या भरवशावर त्यांची बहीण पाठवली होती, किंवा तिच्या भरवशावर मला, आणि मी तिच्या पडण्याचा व्हिडिओ काढत उभी होते.

आत्ती गळ्यात हात अडकवून बाहेर आली. "हात माजा मोडलाय आन रडतीस तू?" डाव्या हातानं तिनं माझं नाक पदरानं पुसलं, लहान पोरीचं पुसावं तसं, जोरात. "आन ऐक. तुज्या बाला सांगायचं न्हाई. त्यो निगंल तितनं."

अरुगम बे राहिलं. आम्ही त्या कोरड्या गावातच राहिलो आणि मला दुसरंच काम लागलं. आत्तीला एका हातानं काहीच करता येईना. मी तिची वेणी घातली, तिला भरवलं. लुगडं नेसवायचं मात्र मला जमेना. ती उभी राहून सूचना देत होती, "मागनं घे, खाली न्हाई, वर, आगं कासोटा हाय त्यो, पिशवीचं तोंड न्हाई," आणि दर वेळी नऊ वार माझ्या पायात येत होते. शेवटी दहीवालीनं मला बाजूला केलं आणि आत्तीला आपली फुलाफुलांची लुंगी आणि झंपर घातला. आत्तीनं स्वतःला आरशात बघितलं, बराच वेळ बघितलं.

"मामाला फोटू धाडू नगो," म्हणाली. मामा म्हणजे तिचा नवरा.

"बरं."

"काड एक. पर धाडू नगो."

वडिलांचा व्हिडिओ कॉल रोज दुपारी दोनला यायचा. घड्याळ लावून. आत्तीनं पहिल्या दिवशी प्लास्टर आणि लुंगी दोन्ही झाकायला गळ्यापर्यंत घोंगडं पांघरलं. बाहेर ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा हौदाच्या सावलीला पडली होती. आत्तीच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"आक्का, थंडी हाय व्हय तितं?" वडिलांनी विचारलं.

"लय!"

"मग घाम कशाचा?"

"धुकं हाय रं. दव पडतंय."

वडिलांनी तोंड मोबाइलजवळ आणून निरखून बघितलं. मग मला म्हणाले, "आक्काला ताप हाय का बघ." दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फौजेतल्या कुठल्यातरी गोळ्यांचं नाव लिहून पाठवलं.

ते तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ दहीवालीबरोबर तिच्या शेरडांमागं तळ्यावर जायचे. तळ्याला आमच्याकडं असतो तसा मातीचा लांब बांध होता. बांधावर बसलं की पाण्यापलीकडच्या झाडीत कधी कधी हत्ती दिसायचे, अगदी राखाडी ठिपक्यांएवढे. दहीवाली त्यांच्याकडं बघून तोंडातल्या तोंडात काही म्हणायची. मला भाषा कळत नव्हती, पण पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल बोलताना बाईचा आवाज कसा होतो ते मी घरी ऐकलेलं होतं.

दुपारी आत्ती आणि ती कवठाच्या झाडाखाली बसायच्या. आत्ती मराठीत, ती सिंहलीत, तासन्‌तास. मग आत्ती मला बातम्या द्यायची. "हिची थोरली ल्येक कोलंबोत कापडाच्या कारखान्यात हाय. नव्या वर्साला येनाराय." मी शिक्षिकेला विचारलं. तंतोतंत खरं होतं, त्यांचं नवं वर्ष एप्रिलातच येतं. मी चकित झाले. मग आत्तीनं सांगितलं, "नवरा दारुडा हाय. दिवसभर पडून ऱ्हातो. लय सोसलंय बिचारीनं." हेही मी विचारलं. शिक्षिका म्हणाल्या, छे, तो रात्रभर शेतात झाडावरच्या मचाणावर बसून हत्ती राखतो, मग दिवसा झोपतो, थेंबालाही शिवत नाही. मी ते आत्तीला सांगितलं. संध्याकाळी तो माणूस उठून चूळ भरत होता तेव्हा आत्तीनं जाऊन त्याच्या हातात शेंगदाण्याच्या चटणीचा अख्खा डबा ठेवला. त्याला कारण कळलं नाही. चटणी मात्र त्यानं भातावर घालून संपवली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्ती बांधावर आली होती. कोरडं वारं सुटलं होतं. म्हणाली, "आटपाडीला समुद्र जवळ आसता तर आसंच झालं आस्तं."

"म्हणजे हेही आपल्याकडंच आहे म्हण."

"हाय की. तिकडं पावसाची कोयना, इकडं कोरडी आटपाडी, मधी उसाचं रान. फकस्त तू आमच्याकडं कवा आलीस? लंकेला यायला टाईम हाय तुला."

मी सहा वर्षांपूर्वी, एका लग्नाला गेले होते. जेवून लगेच परतलेही होते.

निरोप घेताना दहीवालीनं आत्तीला लुंगी देऊन टाकली आणि आत्तीनं तिला एक लुगडं दिलं. दोघींपैकी कुणालाही ते कधी नेसता येणार नव्हतं. "हरी," दहीवाली म्हणाली. "चांगभलं," आत्ती म्हणाली. मी रिक्षात दोन्ही बॅगा चढवत होते.

मुंबईला वडील घ्यायला आले होते, इस्त्रीच्या कपड्यांत, सावधान उभे. त्यांची नजर प्लास्टरवर गेली. घोंगडं गळ्यात अडकवलेल्या हातावर टाकलेलं होतं, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

"कुनी मारलं?"

"म्हशीनं," आत्ती म्हणाली.

"आन तू काय करत हुतीस?"

खरं सांगायची सवय त्यांनीच लावली होती. "व्हिडिओ काढत होते."

त्यांनी हात पुढं केला. मी मोबाइल दिला. पार्किंगमध्ये उभं राहून त्यांनी तो व्हिडिओ एकदा बघितला, मग पुन्हा एकदा, मग आवाज वाढवून. 'तिला मराटी कळत न्हाई' इथं त्यांच्या मिशा थरथरल्या. बहिणीकडं पाठ करून ते दोन मिनिटं गाडीचं चाक तपासत होते. आता तो व्हिडिओ आमच्या भावकीत सगळ्यांच्या मोबाइलवर आहे आणि आत्ती म्हणते त्यात तिची बाजू नीट दिसत नाही.

पावसाळा सरल्यावर मी आटपाडीला गेले, चार दिवस राहायला. निमित्त असं की आत्तीला व्हिडिओ कॉल लावता येत नव्हता आणि शिक्षिकेनं दहीवालीचा नंबर पाठवला होता. अंगणात नेटवर्क नव्हतं म्हणून आम्ही माळावर गेलो. शेरडं भोवती चरत होती. पलीकडं दहीवालीचा चेहरा दिसला आणि दोघी एकदमच बोलायला लागल्या, कुणी कुणासाठी थांबेना. आत्तीनं हात वर करून बरा झालेला दाखवला. दहीवालीनं मोबाइल फिरवून ती म्हैस दाखवली. आत्तीनं तिला नमस्कार केला. वीस मिनिटं हे चाललं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हैस याली. रेडकू झालंय, रेडी हाय. आन थोरलीचं लगीन ठरलंय, पोरगं शेजारच्याच गावचं हाय, पर तिला पसंत न्हाई."

"हे सगळं तुला कळलं?"

आत्तीनं माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं.

"इतकं मोट्यानं बोलत हुती की ती. तुला ऐकू न्हाई आलं?"